पावसाळ्याआधी आपल्या हॅम मंडळींशी थोडं बोलायचंय

मे संपत आला की आमच्या हॅम ग्रुपवर, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणाऱ्यांच्या ग्रुपवर, कुठली हँडी (हातात मावणारा रेडिओ) घ्यायची, कुठली अँटेना चांगली, कुणाचं किती लांब जातंय याच्या चर्चा सुरू होतात आणि त्या व्हायलाच हव्यात, सामान चांगलं पाहिजेच. पण गेली काही वर्षं नवीन मुलं-मुली इमर्जन्सीच्या कामासाठी तयार होताना बघतोय आणि मला वाटतं सामानापेक्षा सवयींवर बोलायची गरज जास्त आहे. परीक्षा पास झालो, व्हीयू टू किंवा व्हीयू थ्री वालं कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळणारी रेडिओवरची ओळख, हातात आलं, म्हणून पूर आलेल्या रात्री नेटवर, म्हणजे एका चॅनलवर सगळ्यांनी मिळून चालवलेल्या कामात, नीट जमेलच असं नाही, ते वेगळं शिकावं लागतं. म्हणून हे लिहितोय, ठाणे आणि नवी मुंबई डोळ्यासमोर ठेवून, कारण इथले डोंगर, इथली खाडी, इथल्या सोसायट्या या सगळ्याचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे.

माझं म्हणणं एकच आहे. आपत्तीत आपल्याकडे चॅनल एक असतो आणि त्यावर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. तुम्ही पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबलं की बाकी सगळे बंद, मग त्यात कुणी मदत मागत असलं तरी ते कुणाला ऐकू जाणार नाही. त्यामुळे तो चॅनल मोकळा ठेवणं हे आपलं पहिलं काम, बोलणं हे दुसरं. खाली जे जे लिहिलंय ते सगळं यातूनच निघतं.

आता कुणी म्हणेल मोबाइल असताना याची गरज काय. २६ जुलै २००५ ज्यांनी बघितलाय ते असं विचारत नाहीत. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो आकडा सगळ्यांना पाठ आहे, पण इकडे उल्हास नदीच्या पाण्याने कल्याण-बदलापूर पट्ट्यात काय झालं ते कमी लोकांना आठवतं. वीज गेलेली, फोन लागत नव्हते, माणूस कुठे अडकलाय हे घरी कळायला दुसरा दिवस उजाडला. आणि पूरच यायला पाहिजे असंही नाही, १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा बाजूच्या वीज वाहिन्यांमधल्या बिघाडाने मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची लाइट एकदम गेली, भर उन्हात, पाऊस नाही वारा नाही. मोबाइलचे टॉवर बॅटरीवर चालतात, ती बॅटरी काही तासांची, नंतर जनरेटरला डिझेल पोचलं तर ठीक. शिवाय टॉवर चालू असला तरी सगळे एकदम फोन करायला लागले की नेटवर्क जाम होतं ते वेगळंच.

तर सवयी. पहिली म्हणजे ऐकणं. रेडिओ चालू केल्या केल्या कॉलसाइन टाकून "मी आलोय" सांगायची घाई असते, नवीन लोकांना जास्त. नको. आधी दोन-तीन मिनिटं नुसतं ऐका, नेट चालू आहे का, कंट्रोल, म्हणजे नेट चालवणारा, कोण आहे, आत्ता कुठला मेसेज चाललाय, कुणाची वाट बघतायत. वही काढा, वेळ लिहा, जे ऐकलं ते दोन ओळीत लिहा. मग कंट्रोलने चेक-इन मागितले की स्वतःचं कॉलसाइन, कुठे आहात आणि तुमच्याकडे काय आहे, म्हणजे हँडी आहे की गाडीत बसवलेला मोठा रेडिओ (मोबाइल रिग), बॅटरी किती, गाडी आहे का, एवढंच सांगायचं. "कसे आहात सगळे, आमच्याकडे खूप पाऊस आहे" हे रविवारच्या गप्पांच्या नेटवर छान आहे, आपत्तीच्या नेटवर नाही.

पीटीटी दाबलं की लगेच बोलू नका, एक सेकंद थांबा. रिपीटर, म्हणजे आपला सिग्नल उंचावरून पुन्हा पाठवणारं स्टेशन, उघडायला वेळ लागतो, त्याला उघडणारा टोन ओळखला जायला वेळ लागतो, आणि पहिला शब्द कापला जातो. तो पहिला शब्द बहुतेक वेळा ठिकाणाचं नाव असतो हो! "कळव्याला पाणी भरलंय" मधलं कळवा गेलं तर उरलं काय. बोलून झालं की सोडा आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावर लगेच उडी मारू नका, दोन-तीन सेकंदाची फट ठेवा. ही फट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हाताशी वेळ नसलेला माणूस, बॅटरी संपत आलेला माणूस, लांबून कमी पॉवरवर येणारा माणूस त्या फटीतच "ब्रेक" म्हणून आत येऊ शकतो. सगळे एकमेकांच्या पाठोपाठ दाबत राहिले तर त्याला जागाच मिळत नाही. माइक तोंडापासून चार बोटं लांब, जरा तिरका, आणि आवाज रोजचा. ओरडलं की आवाज फाटतो आणि समोरच्याला आणखी कमी कळतं, हे पाऊस-वाऱ्यात उभं असताना लक्षात ठेवणं अवघड जातं पण ठेवायचं.

आता आकडे. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण मराठीत बोलणाऱ्यांना इथेच सगळ्यात जास्त त्रास होतो. खरखर असलेल्या चॅनलवर एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी ऐकून बघा, सुरुवात सगळ्यांची सारखी आणि फरक शेवटच्या तुकड्यात, जो नेमका आवाजात बुडतो. त्रेसष्ट-त्र्याहत्तर-त्र्याऐंशी तसंच. सात, साठ, आठ तर सरळ सरळ एकमेकांत मिसळतात. म्हणून संख्या सांगताना एक एक अंक सुटा सांगायचा, "लोक सहा नऊ, सहा नऊ" असं दोनदा. वेळ २४ तासांची सांगायची, "एक नऊ तीन शून्य", संध्याकाळी साडेसात नाही, कारण साडे, सव्वा, पावणे हे रेडिओवर कानातून निसटतात. आणि सगळ्यांनी भारतीय वेळ वापरायची की जागतिक वेळ हे नेट सुरू होतानाच ठरवून घ्या, अर्धे एकात आणि अर्धे दुसऱ्यात लिहीत असतील तर लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, साडेपाच तासांचा घोळ होतो.

गावांच्या नावांचं तर विचारूच नका. नेरळ आणि नेरूळ. एक कर्जतच्या लाइनवर, दुसरं नवी मुंबईत, आणि पाऊस पडला की दोन्हीकडून निरोप येऊ शकतात. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, वांगणीपासून दोनच स्टेशनं पुढे नेरळ. अशा दिवशी "नेरळला बोट पाहिजे" आणि "नेरूळला बोट पाहिजे" यात गल्लत झाली तर बोट खाडीच्या दिशेला जाईल. दिवा आणि दिघा तसंच, वाशी आणि वाशिंद तसंच. म्हणून नावाबरोबर खूण सांगायची, "नेरळ, कर्जतच्या अलीकडचं", "दिघा, ऐरोलीजवळचं". बाहेरून मदतीला आलेला ऑपरेटर असेल, एनडीआरएफच्या टीमबरोबर असेल, तर त्याला ही नावं नवीन असतात, त्याच्यासाठी नाव अक्षर-अक्षर अल्फा-ब्राव्हो (ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो असं) करून सांगायलाही लाजू नका.

एक पूर्ण मेसेज कसा जातो ते दाखवतो, म्हणजे कळेल. समजा दिव्याला एका शाळेत लोकांना ठेवलंय आणि तिथे आपला एक जण बसलाय. तो आधी कागदावर मेसेज लिहितो, तिथल्या जबाबदार माणसाला दाखवतो, मग बोलतो. "कंट्रोल, दिवा शाळा." बस, एवढंच. कंट्रोल म्हणतो "दिवा शाळा, बोला." "एक मेसेज, तातडीचा, महापालिका नियंत्रण कक्षासाठी, लिहून घ्यायला तयार?" "तयार." मग "मेसेज नंबर चार. वेळ एक नऊ तीन शून्य. शाळेत लोक एक एक सहा, एक एक सहा. ब्रेक." इथे पीटीटी सोडायचं. कंट्रोल "घेतलं, पुढे." "इन्सुलिन लागणारे पेशंट दोन, रात्रीचा डोस नाही. ब्रेक." "घेतलं." "गेटसमोर पाणी आहे, ट्रक येऊ शकतो, रिक्षा नाही. मेसेज संपला." आता कंट्रोल सगळा मेसेज जसाच्या तसा वाचून दाखवतो आणि शाळेतला माणूस स्वतःच्या कागदावर बोट ठेवून जुळवतो, बरोबर असेल तर "बरोबर", नसेल तर फक्त चुकलेला भाग पुन्हा. शेवटी स्वतःचं कॉलसाइन. कामाचं नाव "दिवा शाळा" वापरलं म्हणून कॉलसाइन सुटत नाही, नियमाने ते द्यायचंच आहे, पण कामाच्या नावाचा फायदा असा की रात्री बारा वाजता माणूस बदलला तरी ठिकाण तेच राहतं, कंट्रोलला नवीन काही लक्षात ठेवावं लागत नाही.

वाचून दाखवण्यात वेळ जातो असं वाटतं, पण चुकीचा मेसेज पुढे गेला तर तो दुरुस्त करायला दहापट वेळ लागतो, तोपर्यंत ट्रक निघालेला असतो. रिले करणाऱ्याने, म्हणजे मेसेज मध्ये घेऊन पुढे देणाऱ्याने, तर एक शब्दही बदलायचा नाही. "दोन पेशंट, इन्सुलिन पाहिजे" हे रिलेत "दोन पेशंट सिरियस आहेत" झालं की संपलं.

आणि जे पाहिलं ते आणि जे ऐकलं ते वेगळं सांगा. "मी आत्ता कोपरी पुलाजवळ उभा आहे, पाणी दुचाकीच्या सीटपर्यंत आहे, अर्ध्या तासात एक वीत वाढलंय" हा रिपोर्ट सोन्यासारखा आहे. "तिकडे म्हणे खूप पाणी आहे, पूल बंद केलाय म्हणतात" हा रिपोर्ट नाही, ही अफवा आहे आणि रेडिओवरून आली की तिला वजन येतं, लोक खरं धरतात. कंट्रोलने विचारलं आणि तुम्हाला माहीत नसेल तर "माहीत नाही, बघून सांगतो" हे उत्तम उत्तर आहे. पाण्याबद्दल सांगताना भरतीची वेळही डोक्यात ठेवा. खाडीकाठी पाऊस आणि भरती एकत्र आली की पाणी बाहेर जायला जागाच नसते, त्यामुळे भरतीला मोजलेली पातळी आणि ओहोटीला मोजलेली पातळी यांचा अर्थ वेगळा निघतो.

आता आपली जागा. व्हीएचएफ म्हणजे आपल्या हँडीच्या फ्रिक्वेन्सी, त्यांचा सिग्नल साधारण जिथे नजर जाते तिथे जातो. ठाण्याच्या एका बाजूला येऊरचा डोंगर आणि पूर्वेला पारसिकचा. कोपरीहून ऐरोली खाडीपलीकडे, मध्ये फक्त पाणी, पाच वॅटच्या हँडीवर छान बोलणं होतं. तेच मुंब्र्याहून महापे बघायला गेलं तर नकाशावर जवळ आहे पण मध्ये अख्खा पारसिक उभा. म्हणून रिपीटर बंद पडला तर कोणी कुठे उभं राहून रिले करायचा हे कोरड्या दिवसांत फिरून, बोलून, कागदावर लिहून ठेवायचं. कुठल्या उंच टॉवरच्या गच्चीवरून दोन्हीकडे ऐकू येतं ते शोधून ठेवा. आणि गच्चीचं म्हणाल तर, गच्चीच्या दाराला कुलूप असतं! किल्ली वॉचमनकडे, वॉचमनला सेक्रेटरीचा फोन पाहिजे, आणि फोनच बंद आहेत. एप्रिल-मेमध्येच सोसायटीशी बोला, पत्र द्या, काय काम आहे ते समजावून सांगा, एक किल्ली कुठे मिळेल ते ठरवा. लिफ्ट बंद असणार हेही धरून चला, बावीस मजले बॅटरी घेऊन चढायचे आहेत.

लांबचं काम वेगळं. चिपळूण-महाडला २२ जुलै २०२१ ला जो पूर आला किंवा १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर जी दरड आली, अशा ठिकाणी इथून व्हीएचएफ पोचणार नाही. इर्शाळवाडीला तर गाडीरस्ताच नव्हता, सगळे चालत डोंगर चढून गेले. अशा कामात वर जाणाऱ्याकडे हँडी, पायथ्याला मोठा रेडिओ आणि पायथ्यापासून जिल्ह्याच्या ठिकाणी दिवसा ४० मीटर बँड (एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याच्या फ्रिक्वेन्सींपैकी एक), अशी साखळी लागते. ४० मीटरचा डायपोल, म्हणजे तारेची अँटेना, साधारण २० मीटर लांबीचा, तो मुद्दाम खाली, तीन-चार मीटरवर बांधायचा, म्हणजे सिग्नल सरळ वर जाऊन खाली येतो आणि सह्याद्री मध्ये आला तरी शे-दोनशे किलोमीटरचा परिसर झाकला जातो. हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण पावसात, अंधारात, झाडाला दोरी टाकून कुणी बांधून बघितलंय का हा प्रश्न आहे. बघा एकदा.

बॅटरीचा हिशोब करायचाच. साधी १२ व्होल्ट ७ अँपियर-अवरची बॅटरी घेतली आणि ५० वॅटवर बोलायला लागलात तर रिग दहा अँपियरच्या आसपास खेचते, ती बॅटरी रात्र काढणार नाही. ऐकताना एक अँपियरसुद्धा लागत नाही. म्हणजे ऐकणं स्वस्त आहे, बोलणं महाग आहे, आणि जेवढ्या कमी पॉवरवर काम होतंय तेवढीच वापरायची. पाच वॅटवर कंट्रोल नीट घेतोय तर पन्नास कशाला. घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तो पंख्या-दिव्यांबरोबर संपतो, आणि एचएफवर त्याचाच गोंगाट इतका येतो की कमजोर सिग्नल दिसतच नाही. रेडिओ सरळ बॅटरीवर चालवा.

आपल्या पावसात केबलच्या कनेक्टरमध्ये पाणी जातं, एकदा गेलं की ती केबल सुकवून परत वापरू असं होत नाही. आपोआप चिकटणारी रबरी टेप गुंडाळा, वरून काळी टेप, आणि केबल घरात शिरायच्या आधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. हँडीला झिप असलेली प्लास्टिकची पिशवी, पिशवीतूनही आवाज नीट जातो. बाल्कनीच्या लोखंडी ग्रिलच्या आतून हँडीने बोलायला जाऊ नका, ग्रिल सिग्नल खातं. साधा पाव वेव्हचा, म्हणजे लहरीच्या सुमारे चौथ्या हिश्शाएवढा, अँटेनाचा तुकडा १४५ मेगाहर्ट्झला सुमारे ४९ सेंटिमीटरचा, तो ग्रिलच्या बाहेर काढला तरी रबरी अँटेनापेक्षा कितीतरी फरक पडतो. आणि लिहायला पेन्सिल! ओल्या कागदावर पेन चालत नाही, पेन्सिल चालते.

नियमांचं दोन ओळीत. आपलं सगळं बोलणं उघड्यावर असतं, स्कॅनर असलेला कुणीही ऐकतो. मृत माणसाचं नाव रेडिओवर घ्यायचं नाही, पेशंटचं नाव घ्यायचं नाही, रिकाम्या घरांचे पत्ते सांगायचे नाहीत. ते घरच्यांना कुणी आणि कसं सांगायचं हे प्रशासन ठरवेल, आपल्या तोंडून शेजाऱ्याला कळायला नको. दुसऱ्यांचे निरोप आपण एरवी पोचवत नाही, आपत्तीत नेहमीची यंत्रणा बंद पडल्यावर जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले अधिकारी यांच्या कामाचे मेसेज हाताळतो, म्हणून नियंत्रण कक्षाशी ओळख आधीपासून पाहिजे. संकटाच्या रात्री दारात जाऊन "आम्ही हॅम" सांगितलं तर त्यांना आपल्याकडे बघायलाही वेळ नसतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

डिसेंबर २००४ मध्ये हॅम ऑपरेटर भारती प्रसाद आणि त्यांची टीम पोर्ट ब्लेअरला जगभरच्या हॅमशी संपर्क करायला गेलेली होती, २६ तारखेला त्सुनामी आली आणि तेच स्टेशन अंदमानला बाहेरच्या जगाशी जोडणारा दुवा झालं. मला त्यातलं हे महत्त्वाचं वाटतं की स्टेशन आधीच उभं होतं, अँटेना वर होती, ऑपरेटर रोज तासन् तास गर्दीतून कॉलसाइन उचलत होते. हात बसलेला होता.

आपल्याला हात बसवायला आठवड्याचं नेट आहे. त्यात नुसतं चेक-इन करून निघून जाऊ नका, दर वेळी एका जणाने कंट्रोल करायचं, नवीन माणसाने करायचं, आणि तीन-चार लिहिलेले मेसेज आकड्यांसकट इकडून तिकडे पाठवायचे, मग दोन्हीकडचे कागद जुळवायचे. कधी रिपीटर बंद धरून सिम्प्लेक्सवर, म्हणजे रेडिओ ते रेडिओ थेट, करा, कधी फक्त बॅटरीवर. निघताना कंट्रोलला सांगूनच निघायचं, न सांगता गायब झालात तर तो तुम्हाला शोधत बसतो आणि चॅनल अडकतो. खऱ्या कामात चार तासांनी माणूस बदला, दमलेला ऑपरेटर ऐकतो पण लिहीत नाही. बदलताना नवीन माणसाने दहा मिनिटं जुन्याशेजारी बसून लॉग वाचायचा, कुठला मेसेज गेलाय, कुठल्याचं उत्तर यायचंय ते बोट ठेवून विचारायचं, आणि मगच हेडफोन घ्यायचा. घरी आल्यावर आधी बॅटरी चार्जिंगला लावा, ओली केबल पुसून टांगा, मग जेवा.

पुढच्या रविवारी मी ऐरोलीच्या बाजूला खाडीकाठी उभा राहणार आहे, कोपरी आणि कळव्याकडून कुणी सिम्प्लेक्सवर येत असेल तर कमेंटमध्ये वेळ टाका. मुंब्र्याकडून कुणी आलं तर फारच बरं, पारसिकच्या पलीकडचा रिले अजून ठरायचाय.